गावरानी कपाशीची वंशावळ

मराठवाड्याच्या बोलींत ‘गावरान’ या शब्दाइतका मानाचा शब्द क्वचितच सांपडेल. गावरान तूप, गावरान आंबा, गावरान बियाणें असें म्हटलें कीं, वस्तु अस्सल आहे, तिच्यांत परक्याची भेसळ नाहीं, आणि ती आपल्याच मातींत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली आहे, एवढा सारा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनांत आपोआप उभा राहतो. नांदेडच्या आसमंतांतील काळ्या जमिनींत पूर्वी जो कापूस होत असे, त्यालाही हेंच नांव पडलें होतें. मुंबईच्या बाजारांत ‘हैदराबाद गावरानी’ या नांवानें त्याच्या गासड्या ओळखल्या जात, आणि देशी कापसांत त्याच्या धाग्याची लांबी व मऊपणा नांवाजलेला असे. आज तो कापूस शेतांत शोधूं गेल्यास सहसा दृष्टीस पडत नाहीं. परंतु जातांना तो एक प्रश्न मागें ठेवून गेला आहे. ‘अस्सल’ म्हणजे काय? वनस्पतींत निर्भेळ कुळ असें कांहीं असतें काय? आणि शेतकऱ्याचें हित-अहित त्यांत कितपत गुंतलेलें आहे? गेल्या दहा-पंधरा वर्षांत वनस्पतींच्या डीएनएमधील निवडक भाग तेवढेच वेंचून वाचण्याची जी विद्या पुढें आली आहे, तिच्या प्रकाशांत या प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यासाठीं प्रथम नांदेडची कपाशी आणि मग लातूरकडील करडई व सूर्यफूल हीं पुढें ठेविलीं म्हणजे पुरे, असें आम्हांस वाटतें.

गावरानी ही ‘बनी’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कपाशीचीच एक शाखा होय. शास्त्रांत तिची गणना ‘गॉसिपियम आर्बोरियम’ या जातींत होते. वऱ्हाड-नागपूरकडे हिंगणघाटची बनी एकोणिसाव्या शतकांत विलायतेपर्यंत नांवाजली होती. तिचीच ही गोदाकांठची बहीण. त्या काळीं कापूस वेंचून घरीं आणावा, बायकांनीं चरकीवर सरकी वेगळी काढावी, आणि त्यांतलीच निवडक सरकी पुढील सालच्या पेऱ्यासाठीं राखून ठेवावी, अशी वहिवाट होती. पेरणारा आणि बीज राखणारा हे दोघे एकाच घरांत नांदत असत.

आगगाडी आली आणि ही वहिवाट मोडली. मनमाडहून हैदराबादेस जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग इ. स. १९०० च्या सुमारास नांदेडावरून सुरू झाला. बार्शी लाइट रेल्वे १९११ सालीं लातुरास पोंचली. लोहमार्गाच्या पाठोपाठ वाफेवर चालणारे सरकी काढण्याचे कारखाने आले, आणि गांवोगांवचा कापूस एकाच ढिगांत पडूं लागला. कारखान्यांतून निघालेली सरकी कोणाच्या शेतची, हें सांगण्याची सोय उरली नाहीं. आणि पेरणीच्या वेळीं शेतकरी तीच विकत घेऊं लागला. याच सुमारास आंखूड व खरबरीत धाग्याची, पण रुईचा उतारा अधिक देणारी एक कपाशी वऱ्हाडांतून पसरत होती. तिला तिकडे ‘जरी’ म्हणत. व्यापारी जेथें वजन पाहून भाव देतो, तेथें शेतकऱ्यानें धाग्याच्या लांबीचा अभिमान कां बाळगावा? त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. परंतु त्या हिशेबाचा परिणाम असा झाला कीं, हिंगणघाटची बनी पाहतां पाहतां बुडाली.

नांदेडकडे तसें होऊं नये म्हणून पुढें बरीच खटपट झाली. ब्रिटिश हिंदुस्थानांत १९२३ सालीं कापसाच्या वाहतुकीवर निर्बंध घालणारा कायदा झाला. हलका कापूस चांगल्या कापसाच्या मुलखांत आणून मिसळतां येऊं नये, हा त्याचा हेतु होता. निजामाच्या राज्यांतही गावरानीचा मुलूख राखीव धरून तसलींच बंधनें घालण्यांत आलीं. शेतीखात्याच्या तज्ज्ञांनीं मिसळलेल्या पिकांतून एकेक उत्तम झाड निवडून, त्याची संतति वेगळी वाढवून, गावरानी-६, गावरानी-१२ यांसारखे क्रमांकित वाण तयार केले. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, ज्याला आपण पुढें ‘अस्सल गावरानी’ म्हणूं लागलों, तो वाण कांहीं आपोआप निर्भेळ राहिलेला नव्हता. मिसळलेल्या ढिगांतून माणसानें तो पुन्हा निवडून काढलेला होता.

ज्या काळांत ही निवड चालली होती, त्याच काळांत कापसाचें मूळ शोधण्याचा उद्योगही जोरांत होता, आणि त्यांतील कांहीं महत्त्वाचें काम आपल्याच आसपास झालें. १९२८ सालीं मुंबईस माटुंग्याच्या प्रयोगशाळेंत गुलाटी व टर्नर या दोघांनीं मोहेंजोदडो येथें सांपडलेल्या वस्त्राच्या तुकड्याचे तंतु तपासून ते कापसाचेच असल्याचें दाखविलें. पुढें १९३३ ते १९३७ पर्यंत जे. बी. हचिन्सन हे होळकरांच्या इंदुरांत वनस्पति-उद्योग संस्थेंत होते. आशिया व आफ्रिकेंतील कपाशींचें वर्गीकरण त्यांनीं घोष यांच्या सहकार्यानें तेथूनच प्रसिद्ध केलें. परंतु सर्वांत चकित करणारा शोध अमेरिकन कपाशीविषयीं लागला. आपल्या देशी कपाशीच्या पेशींत गुणसूत्रांच्या १३ जोड्या असतात. अमेरिकन कपाशींत त्या २६ आहेत. आणि त्यांपैकीं १३ आकारानें मोठ्या व १३ लहान आहेत, असें स्कोव्हस्टेड या संशोधकास १९३४ सालीं आढळलें. मोठ्या जोड्या जुन्या जगांतील कपाशीच्या गुणसूत्रांशीं जुळत होत्या; लहान जोड्या अमेरिकेंतील रानटी कपाशीशीं. म्हणजे ही कपाशी मुळांतच एक संकर! १९४० च्या सुमारास बीस्ली व हार्लंड यांनीं आशियाई व अमेरिकन रानटी कपाशींचा संकर करून, त्याचीं गुणसूत्रें दुप्पट करून, हें प्रत्यक्षही दाखविलें. आजच्या अंदाजाप्रमाणें निसर्गांत हा विवाह दहा ते वीस लाख वर्षांपूर्वीं अमेरिकेंत घडला. तेव्हां तो घडवून आणण्यास पृथ्वीवर कोणी शेतकरीही नव्हता.

गावरानी व अमेरिकन कपाशी शेजारीं शेजारीं लाविल्या असतां त्यांची सरमिसळ सहजासहजीं कां होत नाहीं, याचा उलगडाही यांतच आहे. क्वचित् संकर झालाच, तर त्याच्या वांट्यास एकाकडून १३ व दुसऱ्याकडून २६ अशीं एकूण ३९ गुणसूत्रें येतात. त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहींत आणि झाड बहुधा वांझ राहतें. गावरानी व जरी या मात्र एकाच जातींतल्या; त्यांच्या संकरास अशी अडचण नाहीं. गावरानीचा खरा धोका परदेशी पाहुण्यापासून नव्हता, भाऊबंदांपासून होता!

आतां नव्या विद्येकडे वळूं. देशी कपाशीच्या डीएनएचा मजकूर सुमारें १७० कोटी अक्षरांचा आहे, आणि अमेरिकनचा २३० कोटींच्या घरांत जातो. त्यांतील मोठा भाग त्याच त्या तुकड्यांच्या पुनरावृत्तीनें भरलेला असतो. शेंकडों झाडांचें कुळ ठरविण्यासाठीं प्रत्येकाचा सगळा मजकूर वाचीत बसणें खर्चाचें होतें, आणि त्यापासून कुळाविषयींचें ज्ञान त्या मानानें वाढतेंच असें नाहीं. म्हणून संशोधक असें करतात: सर्व नातलग वनस्पतींत सांपडणारीं कांहीं शें जनुकें आधीं निवडतात. त्या जनुकांना चिकटतील असे शंभरएक अक्षरांचे लहान तुकडे कृत्रिम रीतीनें तयार करतात, आणि त्यांच्या टोंकास एक रासायनिक अंकुश जोडतात. झाडाच्या डीएनएचे तुकडे करून त्यांत हे गळ सोडले कीं, हवे ते भाग गळांस लागतात. मग लोहचुंबकी मण्यांच्या साहाय्यानें ते ओढून घेतात, बाकीचें धुवून टाकतात, आणि राहिलेलेंच वाचतात.

हें वाचून पुण्याच्या भांडारकर संस्थेची आठवण होणें साहजिक आहे. महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करतांना सुकथनकर व त्यांचे सहकारी यांनींही प्रत्येक श्लोक अनेक पोथ्यांतून पडताळून पाहिला, आणि पाठभेदांवरून पोथ्यांचीं घराणीं ठरविलीं. दोन पोथ्यांत एकच चूक आढळली, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात, असा तर्क. परंतु कांहीं पोथ्या अडचणीच्या निघत. लेखकानें दोन घराण्यांच्या प्रती समोर ठेवून नक्कल केलेली असे, आणि मग कांहीं पाठ एका घराण्याशीं जुळत, तर कांहीं दुसऱ्याशीं. संकरित वनस्पतीची ओळख पटते ती नेमकी याच खुणेवरून. शंभर जनुकें तिला एका कुळाची जवळची नातलग म्हणतात, आणि दुसरीं शंभर दुसऱ्या कुळाची. असा मतभेद कधीं कधीं संकर नसतांही उत्पन्न होतो, कारण पूर्वजांतील जुने भेद निरनिराळ्या शाखांत योगायोगानें टिकून राहतात. म्हणूनच दोन-चार जनुकांवर निकाल न देतां शेंकडों जनुकांची साक्ष काढावी लागते.

कपाशीवर हा प्रयोग लवकरच झाला. २०१२ सालीं साल्मों, उडॉल, वेंडेल प्रभृति संशोधकांनीं अमेरिकन कपाशींतील जनुकांच्या ५०० जोड्या याच रीतीनें वेंचून वाचल्या. प्रत्येक जोडींतील एक जनुक आशियाई-आफ्रिकी पूर्वजाकडून आलेलें, दुसरें अमेरिकन पूर्वजाकडून. दोन्ही घराणीं एकाच झाडांत लाखों वर्षें नांदत असतां कांहीं ठिकाणीं एकाचा मजकूर दुसऱ्यावर उतरला आहे, असेंही अशा वाचनांतून दिसून येतें. म्हणजे संकर ही एका दिवशीं घडून संपणारी घटना नसून, दोन कुळांचा तो दीर्घ संसार आहे. २०२० सालीं देशी कपाशींचा समग्र मजकूर ताडून पाहिला असतां आणखी एक गोष्ट पुढें आली. अमेरिकन कपाशीचा जुन्या जगांतील पूर्वज म्हणजे आजची आर्बोरियम नव्हे व हर्बेशियमही नव्हे. त्या दोघींच्याही आधींचा, आतां नष्ट झालेला कोणी पूर्वज तो असावा. आर्बोरियमचें रानटी रूप तर आजवर कोणासच सांपडलेलें नाहीं. तिच्या बहिणीचें, हर्बेशियमचें, रानटी रूप दक्षिण आफ्रिकेंत उगवतें. आपली ‘गावरान’ कपाशी अशी दूरच्या गणगोतांची आहे.

मग नांदेडच्या शेतकऱ्याची कहाणी पुढें कशी गेली? देश स्वतंत्र झाला तेव्हां हिंदुस्थानांतील कपाशीचें क्षेत्र जवळजवळ सगळें देशी जातींचें होतें. गिरण्यांस लांब धागा हवा होता, आणि तो देणारा पुष्कळसा मुलूख फाळणींत गेला. तेव्हां अमेरिकन कपाशी वाढविण्याचा जोराचा प्रयत्न सुरू झाला. १९७० सालीं सुरतेस सी. टी. पटेल यांनीं ‘एच-४’ हा संकरित वाण काढला; व्यापारी लागवडीसाठीं निघालेला कपाशीचा हा जगांतील पहिला संकर होय. त्यानंतर नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानें ‘एनएचएच-४४’, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘नांदेड-४४’, हा संकर दिला, आणि तो मराठवाड्याबाहेरही दूरवर पसरला. गावरानीच्या नांवानें जें गांव बाजारांत ओळखलें जात होतें, तेंच आतां संकराच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. यांत विषाद मानण्याचें कारण नाहीं. कोरडवाहू शेतकऱ्यास त्या वाणानें चार पैसे दिले. परंतु संकराचा एक नियम आहे. त्याची सरकी राखून पुन्हा पेरली, तर पुढील पिढींत गुण फुटून विखुरतात. म्हणून बियाणें दरसाल विकत घ्यावें लागतें. चरकीवर बीज राखणाऱ्या त्या घरचा अधिकार कारखान्याच्या ढिगानें अर्धा नेला होता. तो संकरानें पुरता संपविला.

या अवस्थेंत बियाण्याच्या पिशवीवरील नांव हाच शेतकऱ्याचा एकमेव आधार. आणि नांव खरें कीं नाहीं, हें डोळ्यांनीं दिसत नाहीं. २००२ सालीं बोंडअळीस मारक असें जनुक घातलेली खाजगी कंपन्यांची बीटी कपाशी देशांत आली. तेव्हां सार्वजनिक संस्थांनींही बिकानेरी नरमा व नांदेड-४४ यांचीं बीटी रूपें तयार केलीं. बिकानेरी नरमाची सरकी शेतकऱ्यास राखतां येईल, हा त्यांतील मोठा लाभ होता. परंतु त्या बियाण्यांत ‘मॉन-५३१’ हा खाजगी कंपनीच्या कपाशींतील जनुकखंड आढळला, विक्री थांबली, आणि सोपोरी समितीनें २०१२ सालीं आपल्या अहवालांत त्या मिसळीची नोंद केली. झाड तेंच, पान तेंच, बोंड तेंच. भेद दिसला तो केवळ डीएनएच्या तपासणींत. विसाव्या शतकाच्या आरंभीं कारखान्याच्या ढिगांत जें घडलें, तेंच एकविसाव्या शतकांत प्रयोगशाळेच्या दारीं घडलें. आणि दोन्ही वेळां नुकसान पेरणाऱ्याचेंच झालें. ही विद्या केवळ पंडितांच्या कुतूहलाची नाहीं, हें यावरून स्पष्ट व्हावें.

आतां थोडें लातुराकडे पाहूं. तेथें कपाशीपेक्षां गळिताच्या धान्यांचा मान मोठा. रब्बीच्या जोंधळ्याच्या कडेनें करडईचे काटेरी तास धरण्याची जुनी रीत आहे. काट्यांमुळें गुरें आंत शिरत नाहींत, आणि तेलाचीही सोय होते. सूर्यफूल मात्र नवें. १९६९ सालीं रशियांतून त्याचे वाण भारतांत आले, आणि पुढें लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्रानें ‘एलएसएफएच-३५’ व ‘एलएसएफएच-१७१’ असे संकर दिले. करडई जुनी, सूर्यफूल उपरें. पण कुळ दोघांचें एकच. या कुळाच्या संपूर्ण वंशावळीसाठीं २०१४ सालीं मँडेल व त्यांचे सहकारी यांनीं १०६१ जनुकखंडांचे गळ तयार केले. ते तयार करण्यासाठीं त्यांनीं तीन वनस्पतींचा मजकूर ताडून पाहिला: सूर्यफूल, सॅलडचें लेट्यूस आणि आपली करडई. लातूरच्या बांधावरील दोन पिकें या जगद्व्यापी वंशावळीच्या पायांत अशा रीतीनें बसलीं आहेत. हें कुळ सुमारें आठ कोटी वर्षांपूर्वीं दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण भागांत उगम पावलें, असा निष्कर्ष पुढें निघाला. आणि करडईविषयीं २००७ सालींच डीएनएच्या आधारें असें दिसून आलें होतें कीं, तिचा रानटी पूर्वज पश्चिम आशियांत, पॅलेस्टाइनच्या बाजूस आहे. म्हणजे जिला आपण जुनी घरची म्हणतों, तीही कधींकाळीं पाहुणीच होती.

सूर्यफुलाची गोष्ट याहूनही बोलकी आहे. त्याचा संकर करावयाचा तर एका जनकाचे पराग निकामी असावे लागतात. तो गुण फ्रान्समध्यें लक्लेर यांनीं १९६९ सालीं मिळविला, तो शेतांतल्या सूर्यफुलाचा ‘हेलिअँथस पेटिओलॅरिस’ नांवाच्या रानटी नातलगाशीं संबंध घडवून. बाजारांतील बहुतेक सूर्यफूल संकरांच्या पेशींत त्या रानटी मातेचा वारसा आजही चालत आहे. आणि याच दोन जातींच्या नैसर्गिक संकरांतून अमेरिकेंत वाळूच्या टेकड्या, वाळवंट व खारट पाणथळ यांत राहणाऱ्या तीन स्वतंत्र जाती निर्माण झाल्या, असें रीजबर्ग यांच्या संशोधनानें सिद्ध झालें आहे. आईबापांस जेथें जगतां आलें नाहीं, तेथें संततीनें घर केलें.

यावरून ‘सर्वच मिसळ आहे, मग राखावयाचें काय?’ असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो मात्र आम्हांस मान्य नाहीं. उलट मिसळीचा इतिहास वाचावयाचा, तर तिचे मूळ घटक कोठें तरी सुरक्षित असावे लागतात. बनी बुडाली नसती, तर जरीनें तिच्यांत काय घातलें व काय नेलें, हें आज अक्षरशः वाचतां आलें असतें. लंडनच्या क्यू उद्यानांतील संशोधकांनीं सर्व सपुष्प वनस्पतींस लागू पडतील असे ३५३ जनुकांचे गळ २०१९ सालीं तयार केले. त्यांच्या आधारें २०२४ सालीं साडेनऊ हजारांहून अधिक जातींची वंशावळ प्रसिद्ध झाली, आणि तींतील एक नमुना १८२९ सालीं नेपाळांत गोळा केलेला होता. जवळजवळ दोनशें वर्षें कागदावर वाळून पडलेलें पानही साक्ष देऊं शकतें! आपल्याकडे पुण्याच्या वनस्पतिसर्वेक्षण कार्यालयांत व मुंबईच्या ब्लॅटर संग्रहालयांत असे नमुने आहेत. मराठवाड्याच्या वनस्पतींची नोंद वि. ना. नाईक यांनीं १९९८ सालीं दोन खंडांत केली आहे. नागपूरच्या कापूस संस्थेंत देशी वाणांचीं बीजें जतन केलेलीं आहेत, आणि परभणीच्या कृषि विद्यापीठानें लांब धाग्याचे नवे देशी वाण काढून, आर्बोरियम ही केवळ आठवणींतली गोष्ट नाहीं, हें दाखवून दिलें आहे.

तेव्हां ‘गावरान’ या शब्दाचा अर्थ आम्ही आतां निराळा करूं इच्छितों. ज्यांत परक्याचा अंश नाहीं तें गावरान, असें नव्हे. तसें बीज डीएनएच्या साक्षीनें पाहतां कोठेंच आढळणार नाहीं. ज्याची निवड येथल्या माणसांनीं केली, ज्याची ओळख येथल्या माणसांस पटवून देतां येते, आणि ज्याची सरकी पुढच्या पेऱ्यासाठीं कोणी तरी राखून ठेवलेली आहे, तें गावरान. वाचकांपैकीं कोणाच्या गांवीं, एखाद्या वृद्ध आप्ताच्या घरीं, जुन्या कपाशीची किंवा करडईची मूठभर बीं अद्याप मडक्यांत असेल, तर ती फेंकूं नये. गांवाचें नांव, पेऱ्याचें साल आणि घरांत तिला काय म्हणत, एवढें चिठ्ठीवर लिहून ती जवळच्या कृषि संशोधन केंद्राच्या स्वाधीन करावी. कुळाची परीक्षा करणारे पुढें मिळतील. बीज मात्र एकदां गेलें कीं गेलें.